मागच्या सीटचा पट्टा

प्रिय आई,

उद्या ईशा तुझी ॲम्बॅसडर घेऊन ठाण्याला निघणार आहे, स्वतःच्या लग्नाच्या सह्या करायला. नवरीच गाडी चालवणार! तुझीच नात ना. आणि माझा जीव सकाळपासून टांगणीला लागलाय. तू जाऊन वर्ष होत आलं, पण या गाडीचा विषय निघाला की अजूनही तुझ्याशीच भांडावंसं वाटतं. म्हणून लिहायला बसले.

मी तिला एकच अट घातलेली. पट्टे बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. तर हसायला लागली. "आई, आजीने आयुष्यभर पट्ट्याशिवायच चालवली ना? काय झालं तिला?"

तिला काहीच नाही झालं गं. मला झालं. हनुवटीखालचा माझा व्रण ईशा जन्मापासून बघतेय, पण तो कशाचा हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. काल सांगितलं.

विठ्ठलवाडीच्या तुझ्या प्रसूतिगृहात सुमन बाळंत झालेली. बाळ बाहेर आलं, पण वार पडेना आणि रक्त थांबेना. भर दुपार, रुग्णवाहिकेचा पत्ता नाही. मी चौथीत असेन. शाळेतून येऊन तुझ्या खोलीत डबा खात होते. तू हाक मारलीस, "नीलू, गाडीत बस. हिचे पाय उचलून धर. ठाण्यापर्यंत सोडायचे नाहीत."

सुमन मागच्या सीटवर आडवी, कडेला मी, तिचे पाय माझ्या खांद्यावर. पुढे तिची सासू, मांडीवर नुकतंच जन्मलेलं बाळ. कसला पट्टा नि कसलं काय! तेव्हा गाडीत माणसं नुसती ठेवलेली असायची, भाजीच्या पिशव्यांसारखी.

तुझा हात हॉर्नवरून हलत नव्हता. सासू देवाचं नाव घेत होती. सुमन काहीच बोलत नव्हती आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. "तिच्याशी बोलत राहा," तू ओरडलीस. काय बोलू? मी तिला सातचा पाढा म्हणून दाखवत होते!

शीळफाट्याला पुढचा ट्रक अचानक मागे सरकायला लागला. तू ब्रेकवर अक्षरशः उभी राहिलीस. डावा हात सासूच्या छातीवर आडवा टाकलास, म्हणून बाळ मांडीतच राहिलं. मला धरायला कोण होतं? सुमनचे पाय माझ्या हातून सुटले आणि माझी हनुवटी पुढच्या सीटच्या लोखंडी कडेवर आपटली. तू वळून पाहिलंस. "रडू नकोस. पाय धर." आणि गिअर टाकलास.

सुमन वाचली. संध्याकाळी माझे टाके तूच घातलेस, एक शब्द न बोलता. का गं? "लागलं का" एवढं तरी विचारायचंस!

त्यानंतर तू मला गाडीत घेतलं नाहीस. धाकटा मन्या ऐटीत पुढे बसून जायचा आणि मी दप्तर घेऊन चालत. मला वाटलं, पाय सोडले त्याची ही शिक्षा. इतकी वर्षं हेच वाटत आलं. तुझ्या शेवटच्या आजारपणातही ओठांवर आलेलं. पण तुझी ती अवस्था बघून विचारवलं नाही.

आणि आज मानपाड्याच्या गॅरेजमध्ये ईशाच्या नि माझ्यासमोर दिलीप मेकॅनिकने मागची सीट काढली. "ताई, इथे तर आधीच भोकं आहेत. बोल्टही आहेत, गंजलेले. मागे पट्टा होता की काय?"

"शक्यच नाही," मी म्हटलं. तरी तिथूनच मन्याला फोन लावला.

"अगं, होता ना! आईनेच बसवून घेतलेला, तुझ्यासाठी. भंगारबाजारातून कुठल्यातरी मोडीत काढलेल्या विमानाचा पट्टा शोधून आणलेला. मला हातसुद्धा लावू द्यायची नाही."

"मग मला कधी बसवलं का नाही?"

"ताई, तूच बसायची नाहीस. आई गाडीचं मागचं दार उघडून उभी राहायची आणि तू बाथरूमला कडी लावून आत. खूप दिवस चाललं ते. शेवटी तिने पट्टा काढून टाकला."

आई, मला यातलं काहीच आठवत नाही. आठवते ती फक्त मला सोडून जाणारी गाडी. मन्या तेव्हा जेमतेम पहिलीत, त्याचं चुकत असेल का? पण भोकं तर खरी आहेत! मी बोट घालून पाहिलं. त्या ठोकाठोकीत, सगळ्यांसमोर, मला रडू फुटलं. ईशा घाबरलीच.

मग तू बोलली का नाहीस? तेव्हा नाही तर मी मोठी झाल्यावर? दुसऱ्यांच्या लेकींना "घाबरू नकोस गं बाई" म्हणत धीर द्यायचीस, आणि स्वतःच्या लेकीसाठी नुसतं दार उघडून उभी राहिलीस! रागावलेय मी तुझ्यावर. आजचा राग वेगळा आहे पण. त्यात तुझी कीव येते, आणि माझीही.

दिलीपने त्याच भोकांत नवे बोल्ट घातले. मी मागे बसले, पट्टा लावला. पट्टा बघायला शीळफाट्यापर्यंत एक चक्कर मारायची ठरली. शीळफाट्याच्या गर्दीत ईशाला जोरात ब्रेक मारावा लागला आणि पट्टा कमरेत रुतला. "आई, उतरायचंय का?" तिने आरशातून विचारलं.

"नको. चल पुढे."

घरी येईपर्यंत मान आखडली, पण आले.

तुला एक शब्द देते. उद्या सह्या झाल्या, पेढे वाटून झाले की ईशाला सांगणार आहे, मला गाडी शिकव म्हणून. साठीला टेकले तर काय झालं? क्लच जळेल, गिअर अडकेल, मागचे लोक शिव्या देतील. देऊ देत. तुझ्या जागेवर बसून हा रस्ता एकदा तरी मला बघायचाय.

तुझीच,
नीलू