जुन्या बाजारातली बिनखिळ्याची माडी

मी, धुडकू उखा सुतार, वय शहात्तर, धंदा सुतारकाम, राहणार नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वय झालं, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरी कुणाला शंका असेल तर त्याने माझे डोळे बांधून मला लाकडाचा वास द्यावा, झाडाचं नाव सांगेन.

१. राहतं पत्र्याचं घर मुलगा उमाकांत यास. सुरतेहून तो छपराकडे बघायला कधी आला नाही. तरी घर त्याचंच. पोटचा आहे, काय करता!

२. बँकेतली शिल्लक पत्नी जमनाबाई हिला. तिने त्यातून गुडघ्यांचा इलाज करावा, माझ्या तेराव्याला गावजेवण घालू नये.

३. वाकस, रंधे, गिरमिट, सगळ्या पटाश्या, म्हणजे माझी सगळी हत्यारं मुलगी सोनम हिला. उमाकांतने यावर हक्क सांगू नये. करवतीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून तिला कामावर नेत गेलो आणि कारागिरीत ती माझ्यापुढे निघून गेली. बाजार हसला, "धुडकूनी पोरले मिस्तरी करी टाकं!" हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची दारं आज तिच्याच हातची आहेत.

४. आता मुख्य गोष्ट. जुन्या बाजारातली पुखराजशेठची माडी माझ्या मालकीची नाही, पण चाळीस वर्षं तिची डागडुजी मी केली. खालून दुकानाची पाटी, तारा आणि कबुतरं दिसतात. डागडुजीसाठी बांधलेल्या बांबूंच्या माचाणावर चढलं की, बाप रे! सज्जाखाली अठरा लाकडी पोपट, एकासारखा दुसरा नाही. एक पेरू खातोय, एक शेजाऱ्याकडे रागाने बघतोय. सागाचे खांब, तुळया, कमानी, सगळं एकमेकांत अडकवून पाचरींवर उभं आहे, खिळा नाही. पहिल्यांदा चढलो तेव्हा हत्यार बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो. बारा वर्षांची सोनम वर आली तेव्हा म्हणाली, "आबा, हाई कोनी करं व्हई?" नाव कुठे कोरलेलं नाही. मला देवळात हात जोडताना वाटत नाही तेवढं तिथे वाटतं.

एक कबुली देतो. १९८६ साली घाईत डाव्या खांबात मी खिळा ठोकला. तो गंजला, साग तडकला. अख्ख्या माडीत एकच खिळा, आणि तो माझा. लाज वाटते. सोनमने तो काढावा.

५. पुखराजशेठचे नातू मयंकशेठ माडी पाडून काचेचं कॉम्प्लेक्स बांधणार, होळीनंतर जेसीबी येणार, असं ऐकतो. जागा त्यांची, मी अडवणारा कोण? पण करवत न लावता एकेक पाचर काढली तर माडीचा सगळा दर्शनी भाग पंधरा दिवसांत सुटा होतो आणि दुसरीकडे तसाच उभा राहतो. पहिली पाचर कोणती, हे माझ्यानंतर फक्त सोनमला माहीत असेल. भलतीच काढली तर सज्जा अंगावर येईल.

पुखराजशेठ भले माणूस, पण उंचीला भ्यायचे. जन्म त्या घरात गेला, माचाणावर एकदाही चढले नाहीत. "मिस्तरी, तुम्हीच बघून सांगा," म्हणायचे. काय सांगणार, कपाळ!

६. म्हणून माझ्या माचाणाचे बांबू आणि दोर, मी मरायची वाट न बघता, मयंकशेठ यांस. अट एकच. जेसीबीवाल्याला निरोप धाडण्याआधी, सकाळचं ऊन माडीवर आलं की सोनमबरोबर एकदा वर चढावं. फोन खाली ठेवावा. बसावंसं वाटेल तेवढा वेळ बसावं. उतरल्यावरही पाडायचीच असेल तर पाडावी, माझी हरकत राहणार नाही.

सही: धुडकू उखा सुतार

मिस्तरींनी आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना यात चहाशिवाय काही मिळालेलं नाही.
साक्षीदार: १) इंद्रसिंग गिरासे २) अनुसयाबाई चौधरी

नंदुरबार, ९ फेब्रुवारी २०२५