घडीची भिंत

आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी हे पत्र तुझ्याकडे नेणारा पोस्टमन कुठला मिळायचा. तरी लिहितोय, कारण तुझ्या नावावर मी एक काम खपवलंय आणि ते निदान तुझ्या कानावर घालायला हवं. मी पुन्हा सुई हातात घेतली आहे. साठी उलटलेला, कंपनीतून रिटायर झालेला, मिशीला अजून कलप लावणारा तुझा धाकटा मुलगा बारामतीतल्या दोन खोल्यांत बसून गोधडी शिवतो आणि दाराची बेल वाजली की ती लपवतो.

भिगवणजवळच्या आपल्या घरात आम्ही सगळे भाऊच. तुला कमी दिसायला लागलं तेव्हा सुईत दोरा ओवायला तू मला बसवलंस, मग टाके घालायला, मग तुकडे मांडायलाही. अंगणभर जुन्या लुगड्यांचे तुकडे पसरलेले असायचे. तू ओट्यावर चढून कमरेवर हात ठेवून बघायचीस आणि मला वर बोलवायचीस. "लांबनं बघ. जवळनं निस्त्या चिंध्या दिसत्यात." तू वरूनच बोट दाखवायचीस आणि मी हिरवा तुकडा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचो. एके दिवशी शाळेतली पोरं रस्त्यानं येताना दिसली आणि मी हातातलं सगळं मांडीखाली सारलं. सुई मांडीत घुसली. तू ती उपसून काढलीस, हळद लावलीस, पण हसली नाहीस. "सुई हाय, चोरीचा माल न्हाय," म्हणालीस. "लाज वाटत आसंल तर उद्यापासनं बसू नगंस." मी दुसऱ्या दिवसापासून बसलो नाही, आणि तूही बोलावलं नाहीस.

तू गेल्यावर मी लोणी देवकरला एका कंपनीत पॅकिंगला लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. घरातल्या गोधड्या बायकोच शिवायची. ती गेली तेव्हाही तिला ठाऊक नव्हतं की मला टाका घालता येतो. यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. आपल्यात बाळाला आधी नवं कापड लावत नाहीत, घरच्या वापरलेल्या कापडात गुंडाळतात, आणि बारशाला पाळण्यात आजोळची गोधडी लागते, हे तुला सांगायला नको. विकतची आणली तर तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण कळतं सगळ्यांना. एका दुपारी लेक तिच्या आईच्या साड्या मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "पप्पा, माझ्या बाळाला गोधडी कोण शिवणार आता?" मी आत जाऊन कात्री घेऊन आलो. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

पण मांडायची कुठं? एक पलंग, एक कपाट, लेकीची खाट, की संपली खोली. फरशीवर तुकडे मांडले तर दिवस भरत आलेल्या पोरीनं ते ओलांडायचे कसे, आणि पंखा लावला की सगळे उडून पलंगाखाली. मग लेकीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली एक बाई भिंतीला कापड ताणून बसवते आणि त्यावर तुकडे नुसते टेकवते, टाचणी न लावता ते चिकटून राहतात. डिझाइन वॉल म्हणतात त्याला. तिची ती भिंत आपल्या अख्ख्या घराहून मोठी होती. माझ्याकडे भिंतही मोकळी नव्हती, पण जन्म खोक्यांत गेलेला. दुकानातून फ्रिजचा खोका मागून आणला, त्याच्या दोन फळ्या कापल्या, प्रत्येकीला मागून दुसरा पुठ्ठा आडवा चिकटवला म्हणजे वाकत नाही, आणि मधे कापडी पट्टी लावून दोन्ही जोडल्या. पुस्तकासारखी मिटते. वर आधी फ्लॅनेल लावलं, पण पातळ पडलं, तुकडे गळायला लागले. शेवटी वडिलांचं जुनं घोंगडं काढलं आणि पुठ्ठ्यावर ताणून मागं नाडीनं बांधलं. घोंगड्याची ती खरबरीत लोकर सुती तुकडा असा धरते की पंख्याच्या वाऱ्यानंही सुटत नाही. भिंत कपाटाला टेकवायची आणि मागं मागं सरकत स्वयंपाकघरात मोरीला पाठ लागेपर्यंत जायचं. तिथून ती लांबून दिसते. ओटा नाही, मोरी आहे, एवढाच फरक.

आणि बेल वाजली की तुकड्यांसकट मिटायची आणि पलंगामागं सारायची. यात मी फार तरबेज झालो. कंपनीतला एक जुना सोबती चहाला आला आणि पलंगावर नेमका मागं रेलून बसला. पुठ्ठा करकरला. उंदीर फार झालेत, असं मी सांगितलं. तो गेल्यावर लेकीनं विचारलं, "पप्पा, ही भिंत तुम्ही जागा वाचवायला केलीय का तोंड लपवायला?" जागेसाठीच, असं मी म्हणालो. तुझ्यासारखीच तीही हसली नाही.

नात झाली. बारसं इंदापूरला लेकीच्या सासरी. पाळण्यात गोधडी अंथरली तशा बायका भोवती जमल्या. मी पलीकडं व्याह्यांच्या नि त्यांच्या भावांच्या ओळीत बसलो होतो, उसाची तोड कधी मिळायची यावर सगळे बोलत होते. विहीणबाईंनी तिथूनच विचारलं, "पाव्हणं, कुणी शिवली वं ही?" लेकीनं माझ्याकडं बघितलं. तिला उत्तर देता आलं असतं, पण ते तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं. बापये बोलायचे थांबले होते. मला खरंच वाटलं होतं की मी सांगेन.

"आमच्या आईनं," मी म्हणालो. "शिवून ठेवली हुती."

लेकीनं मान खाली घातली. ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. विहीणबाई गोधडीवरून अंगठा फिरवत होत्या. तो एका निळ्या तुकड्यावर थांबला. माझ्या कंपनीच्या शर्टाचा खिसा आहे तो, आणि सोयरीक ठरवायला मी ड्यूटीवरून थेट त्यांच्या घरी त्याच शर्टात गेलो होतो. शेजारी लेकीच्या शाळेच्या ड्रेसची पट्टी. तू गेलीस तेव्हा ना माझी कंपनी होती ना माझी लेक. आता ही बाई सगळ्यांत विचारणार, आणि मी काय सांगणार? त्यांनी गोधडीचं टोक सरळ केलं, बाळाला वर ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हात चांगला हुता त्यांचा." मग, "माझ्या थोरल्या नातीलाबी एक पाहिजे हुती. आनखी एखादी शिवून ठिवली आसंल का त्यांनी?"

"बघतो," मी म्हणालो. "आसंल पेटीत."

लेक सासरी गेली. खोलीत आता जमिनीवर मांडायला जागा आहे, तरी मी भिंतच वापरतो. दुसरी गोधडी निम्म्याच्या वर आली आहे आणि खरं म्हणजे पहिलीपेक्षा चांगली उतरते आहे. परवा लेकीचा फोन आला. गोधडी घेऊन याल तेव्हा तरी खरं सांगाल ना, असं तिनं विचारलं आणि मी हो म्हणालो. हे पत्र तिलाच वाचायला द्यावं असंही मनात आलं, पण देणार नाही. ही गोधडीही तुझ्या पेटीच्या तळाशी सापडली असंच मी इंदापूरला सांगणार आहे, आई. आरशासमोर उभं राहून ते वाक्य म्हणूनही बघितलं.