ओला कोळसा

अण्णा, आज आमची चाचणी बंद झाली. दुपारपासून तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

वर्षभर मी चिकलठाण्यातल्या एका शेडमध्ये छोटी भट्टी चालवत होते. कोळसा तुमच्या बॉयलरसारखाच, पण तो धूर न होता जळावा अशी रचना. जमलं तर मोठी करून कारखान्यांत बसवायची. पहिल्या दिवशी चिमणीतून काहीच दिसेना. भट्टी विझली म्हणून मी धावत गेले, तर काचेआड लख्ख जाळ! औरंगपुऱ्यातून पेढे आणून सगळ्यांना वाटले. पण तो कोळसा निवडलेला, चाळून वाळवलेला होता. मग कारखान्याचा कोळसा घातला, ओला, माती-दगडांचा. दोन दिवसांत राख वितळून तिचे गोळे झाले, हवेची भोकं बुजली आणि तोच काळा धूर. भट्टी थंड करायची, छिन्नीनं फोडायची, पुन्हा पेटवायची. किती वेळा, ते आता आठवतही नाही.

मी सातवीत आहे, तुमचा डबा घेऊन कारखान्यात आलेय. तुम्ही फावड्यानं कोळसा लोटताय. मी पुढं होते आणि तुम्ही सगळ्यांसमोर खेकसता, "मागं सर! इथं नाय यायचं." मी रडते. नंतर भाकरी मोडताना तुम्ही समजावता, "कोळसा रोज येगळा येतो, पोरी. कवा ओला, कवा निस्ती माती. त्याचा काय भरवसा?" इंजिनिअर झाल्यावर हे मी विसरले कशी?

कोळसा घेऊन येणारे एक काका आहेत, कन्नडकडचे, चाचणीसाठी कोळसा देणाऱ्या कारखान्यात बॉयलरवर. दर खेपेला विचारायचे, "मॅडम, मोठी कवा बसणार आमच्याकडं?" मी म्हणायचे, दिवाळीनंतर. आमच्या साहेबांनी चाचणीची मुदत वाढवून मागितली, मिळाली नाही. आज आम्ही भट्टी खोलत असताना काका आले. मी सांगितलं. "व्हय का," एवढंच म्हणाले. तोंडाला रुमाल लावून बराच वेळ खोकले आणि ड्यूटीवर निघाले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहिते. बारावीत मी होस्टेलचा हट्ट धरला, कॉलेज लांब पडतं असं सांगितलं. तुम्ही माझी पेटी खांद्यावर घेऊन सोडायला आलात. कॉलेज लांब नव्हतं, अण्णा. तुमच्या खोकल्यानं माझा अभ्यास होत नव्हता.