गौरामावशीनं दिलेलं उत्तर

प्रिय गौरामावशी,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तरीही लिहिते आहे. कारण आज दुपारी तुझा भीमराव सांगलीत मी शिकवते त्या कॉलेजात आला, आणि सहा वर्षं माझ्या मनावर असलेलं ओझं उतरवून गेला.

तो कमलच्या, तुझ्या धाकटीच्या, प्रवेशासाठी आला होता. अर्जावर तुमच्या गावाचं नाव दिसलं. आईच्या नावापुढं 'मयत' लिहिलेलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

"माघात गेली आई," तो म्हणाला. "ताप आला, चार दिवसांत आटपलं."

मला कुणी कसं कळवलं नाही, असं वाटून गेलं. पण कळवणार कुठं? मी तुला माझा पत्ता तरी दिला होता का?

आपली पहिली भेट आठवते? विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात मी नुकतीच संशोधनाला लागले होते. तुम्ही बौद्ध झालात त्याला सातेक वर्षं झाली होती. त्यानंतर गावात काय बदललं, हे विचारायला सरांनी मला शिराळ्याकडच्या तुमच्या गावात पाठवलं. मी तुला 'तुम्ही' म्हणाले, तर तू मागं वळून पाहिलंस, तिथं दुसरं कोण उभं आहे म्हणून. मग हसलीस. "मावशी म्हन, अन् अगं म्हन. आवंजावं केलंस तर मला बोलायचं सुचायचं न्हाई."

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, गावच्या विहिरीवर पाणी भरता का. मी ज्यांच्या घरी उतरले होते ते सरपंच म्हणाले, "भरत्यात की. कायदाच हाय तसा." तुमच्या वस्तीतल्या पुरुषांनीही तेच सांगितलं. सरपंचांचा माणूस माझ्याबरोबर फिरत होता, आणि उत्तर देताना सगळे त्याच्याकडे बघत होते, हे मला तेव्हा दिसूनही कळलं नाही.

तू घरात जोंधळे निवडत होतीस. तो माणूस बाहेर तंबाखू मळत बसल्यावर तू हळूच विचारलंस, "भरतो म्हनून लिवलंस व्हय?"

"हो."

"मग चल माझ्यासंगं."

रिकामी घागर घेऊन तू निघालीस, मागं मी. विहिरीपासून दहा पावलांवर तू थांबलीस आणि घागर खाली ठेवलीस. बायका येत होत्या, पाणी काढून जात होत्या. तू उभीच. शेवटी एकीनं वरून, लांबूनच, तुझ्या घागरीत पाणी ओतलं. अर्धं तुझ्या पायावर सांडलं.

परत येताना तू एवढंच म्हणालीस, "आता लिव. माझं नाव घालून लिव."

मी लिहिलं. नावासकट. आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या गडबडीत ती वही सरपंचांच्या सोप्यात विसरून आले.

आणायला गेले तेव्हा वही देत सरपंच म्हणाले, "अक्षर लय बारीक हाय तुमचं, बाई." म्हणजे त्यांनी वाचली होती. मावशी, तुझं घर तिथून किती लांब होतं? तुला सावध करायला मी यायला हवं होतं. आले नाही. भ्याले, आणि मिळेल त्या एसटीनं निघून आले.

पुढं कुणीतरी सांगितलं, गौराबाईचा पोरगा गाव सोडून गेला. मी ठरवूनच टाकलं, माझ्यामुळं त्याचं उसातलं काम सुटलं, माझ्यामुळं तुझा पोरगा परागंदा झाला. मग प्रबंध लिहिताना मी तुझं उत्तर गाळलं. 'बहुतेक कुटुंबे सार्वजनिक विहिरीवर पाणी भरतात,' असं लिहिलं. तुला जपण्यासाठी, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मला परत कशाला तोंड द्यायचं नव्हतं.

आज हे सगळं मी भीमरावला सांगितलं. कमल शेजारी बसून ऐकत होती. तो ऐकताऐकता हसायला लागला.

"आवं बाई, मला कुनी काढलं न्हाई. हितं कारखान्यात लेथवर जागा निघाली म्हनून मी आलो."

"आणि वही?"

"सरपंचानं आईला बोलावलं. हे तू सांगितलंस का म्हनला. आई म्हनली, व्हय, माझं नाव नीट लिवलंय न्हवं? तवा त्येच घाबरलं. त्यास्नी वाटलं सरकारी वही हाय, आता मामलेदार येतोय. आठ दिवसांत आमच्या बायास्नी इहिरीवर बोलावून घेतलं. पैल्यांदा आईच चढली."

मग गावातल्या काही सवर्ण घरांनी ती विहीर टाकली म्हणे. ओढ्याचं पाणी नेत राहिली. उन्हाळ्यात ओढा आटला, तशी मुकाट्यानं परत आली.

मावशी, मी खुर्चीत मागं टेकून बसले. किती दिवसांनी असा श्वास घेतला, सांगता येत नाही. तू हसली असतीस मला. एवढी शिकलेली पोर, आणि एकदा येऊन विचारायचं सुचलं नाही? हे तू म्हणायला हवं होतंस, आणि मी ऐकून घ्यायला हवं होतं.

जाताना भीमरावनं विचारलं, "आईचं बोलनं पुस्तकात आलं का? ती लय येळा इचारायची."

मी खरं ते सांगितलं. "नाही आलं. मी भ्याले."

उत्तर कमलनं दिलं. "मग आता लिवा, बाई."

संध्याकाळी सरांना पत्र टाकलं. प्रबंधात मी काय गाळलं ते कबूल केलं, आणि त्या गावावर नव्यानं लिहिते आहे, असं कळवलं. सर रागावतील. रागावू देत.

तुला वचन देते, मावशी. लिहून झालं की कमलला घेऊन तुमच्या वस्तीत येईन आणि बायकांना सगळं वाचून दाखवीन. 'हे असं नव्हतं,' असं त्यांतली एक जरी म्हणाली, तरी तिथंच बसून बदलीन. त्यांनी ऐकल्याशिवाय एक ओळही छापायला देणार नाही.

तुझी,
सुमन