हजला न जाण्याचं कारण

माझी लाडकी तस्लीम,

तू दादरला ऑफिसात आहेस तोवर हे लिहितोय. तू यायच्या आत फाडून टाकीन.

"हजला जाऊ नका" असं डॉक्टर मला म्हणालेच नव्हते. माझी तब्येत ठणठणीत आहे.

हजचे पैसे भरलेस तेव्हा मी विचारलं होतं, "बेटा, कर्ज नाही ना काढलंस?"

तू म्हणालीस, "नाही अब्बा, साठवलेत."

महिन्याभराने तुझ्या नावाचं बँकेचं पत्र आलं. उघडायला नको होतं, पण उघडलं. पाच वर्षांचं कर्ज होतं. लग्नाचा विषय काढला की तू "पाच वर्षं तरी नाही" का म्हणायचीस, ते मला तेव्हा कळलं.

हज ऐपत असलेल्यावर फर्ज आहे. चाळीस वर्षं लालबागला कपडे शिवून माझी ऐपत झाली नाही, याचा जाब अल्लाह मला विचारणार नाही. पण तुझी पाच वर्षं खर्चून गेलो असतो, तर काबा समोर दिसल्यावर कुठल्या तोंडाने दुआ मागितली असती?

म्हणून छातीत दुखण्याचं सोंग केलं. तू खूप रडलीस. मग टूरवाल्याकडून पैसे परत आणून कर्ज फेडलंस. परवा खालाने स्थळ आणलं, तेव्हा "बघू" म्हणालीस. मी आत जाऊन शुक्रान्याची नमाज पढलो.

जायची इच्छा होती गो. अजूनही आहे.

आता जिना चढताना तू माझा हात धरतेस, दर मजल्यावर थांबवतेस. मीही दम लागल्यासारखा थांबतो. खरं सांगू? ते मला आवडतं.

तुझा लबाड
अब्बा