तीन लाल नट

आकुर्डी, रविवार

प्रिय समाधान,

भामा आसखेडच्या धरणाने आमच्या घरची कुकरची शिट्टी गिळली आहे, आणि याची तक्रार पाटबंधारे खात्यात करावी की ग्राहक मंचात, हे मला कुणीही सांगत नाही. गेल्या रविवारी दुकानातून आणलेली सहा शिशाची वजनं तळातल्या दगडांनी तासाभरात खाल्ली. मग खिशातली शिट्टी बांधली. ती खिशात कशी आली हे विचारू नकोस, बायकोने विचारून झालंय. मी म्हटलं, "अगं, वजनाशिवाय गळ खाली जात नाही." बायको म्हणाली, "मग शिट्टी कशाला? तुम्हीच उतरायचं होतं." तेव्हापासून आमच्याकडे डाळ पातेल्यात शिजते आणि ती ढवळायला मी उभा असतो.

तुझ्याशिवाय जमत नाही, राव. मोबाईलवर ज्याला ड्रॉप शॉट म्हणतात ते दिसायला सोपं: दोरीच्या टोकाला वजन, त्याच्या हातभर वर गळ, म्हणजे वजन तळाला बसतं आणि आमिष माशाच्या तोंडासमोर तरंगतं. पण गळाचं टोक वर राहायला हवं. तू गाठ मारलीस की तो युनियनच्या पुढाऱ्यासारखा छाती काढून उभा राहतो. मी मारली की ऑडिटच्या दिवशी आमचे साहेब उभे राहतात तसा, मान खाली घालून.

वजनाचा शोध मात्र माझा, हे मान्य कर. एकोणीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसून मी नट नापास करतोय. दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडला की लाल ठिपका, आणि चल भंगारात! तेच नट पाण्यात काय शोभायचे! चिलापी माशाने आजवर कधी मायक्रोमीटर मागितला नाही. नट मुद्दाम कच्च्या दोऱ्याने बांधायचा, ही अक्कल तुझी. दगडात अडकलं की झटका द्यायचा. कच्चा दोरा तुटतो, नट जातो, बाकी सगळं वाचतं.

लाल ठिपक्याचा माल गेटबाहेर न्यायचा नाही, हा नियम मला पाठ आहे. तो फलक माझ्याच अक्षरातला आहे. म्हणून तर मी नट मोज्यातून न्यायचो. त्या शनिवारी मोजे ओले होते, म्हणून तीन नट तुझ्या डब्यात टाकले. तुला न सांगता.

गेटवर वॉचमन मारुतरावांनी नेमका तुझा डबा उघडला. "आरं, ही कसली उसळ म्हनायची?" रांग हसली. दोन माणसं मागे उभा राहून मीही हसलो. तू वळून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मीच घेतले, भाऊ. मासे धरायला." तीन दिवस घरी आणि फाइलला मेमो. मी कायम, तू कंत्राटी. मला फार तर साहेबांची बोलणी खावी लागली असती, तुझी आठ वर्षं टांगली गेली. अडकल्यावर मी झटका दिला, समाधान, आणि नट सोडून दिला.

तेव्हापासून तू रविवारी ओव्हरटाइम घेतोस. माझा फोन उचलत नाहीस, पण कँटीनमध्ये दिसलो की "जेवलास का?" विचारतोस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर जेवण तरी गेलं असतं.

फोनवर मला विनोद सुचतात, म्हणून हे लिहून आजच तुझ्या घरी टाकतोय. कायम होणाऱ्यांची यादी निघते आहे. शुक्रवारी ओंकारसाहेब म्हणाले, "समाधान कामाला चोख आहे हो, पण तो गेटचा मेमो..." काल मी त्यांना लिहून दिलं: नट माझे, डब्यात मी टाकले, समाधानला ठाऊकही नव्हतं. खाली सही केली, पोच घेतली. तिची झेरॉक्स सोबत आहे. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि मला सोमवारपासून पॅकिंगला जायला सांगितलं. तिथला पंखा बरा आहे म्हणतात. उद्या सकाळी तुला आत बोलावतील. या वेळी मला वाचवायला जाऊ नकोस. खरं काय ते सांग, आणि साहेब बसा म्हणाले तर खुर्चीत बस.

तुझाच,
धम्मरत्न