आक्काच्या नावाखालची रेघ

१२ फेब्रु. ७८, रवि.
पाळकसाहेब सांगलीला, म्हणून उपासनेत मीच बोललो. विषय माझाच: दुसऱ्याला मदत आणि नागरिकाचं कर्तव्य. निवडणूक जवळ आली आहे. म्हटलं, आजाऱ्याला पाणी देणं ही जशी सेवा, तसं रांगेत उभं राहून मत देणं हीही सेवाच. आपण मूठभर ख्रिस्ती लोक, घरी बसून राहिलो तर कोण विचारणार? पाऊण तास बोललो. सुशीला म्हणते, अर्धा पुरला असता.

बाहेर आल्यावर सगुणाआक्काने गाठलं. वाडीवरून चार मैल चालत येते दर रविवारी. पासष्टीची असेल. सुईण. वाडीतलं एक घर नाही जिथलं पोर तिच्या हातात पहिलं रडलं नाही. कुठल्या जातीचं, कुठल्या देवाचं, कधी विचारलं नाही तिने.
"मास्तर, मी बाळंतपनं करू का रांगंत हुबी ऱ्हाऊ?"
म्हटलं, आक्का, दोन्ही.
"तुमी म्हनताय तर येते. आजवर कदी गेले न्हाई बगा."
बरं वाटलं. निदान एक माणूस तरी हललं माझ्या बोलण्याने.

१८ फेब्रु., शनि.
इलेक्शन ड्यूटीचा हुकूम आला. पहिला मतदान अधिकारी. काम: मतदाराचं नाव मोठ्याने वाचायचं आणि यादीत त्याच्या नावाखाली रेघ मारायची. अक्षर चांगलं म्हणून हे काम मला दिलं, असं ट्रेनिंगला एकजण म्हणाला. केंद्र नेमकं आक्काच्या वाडीचं, तिथल्या शाळेत. माझी शिसवी पट्टी बरोबर नेणार. सुशीला हसली. "रेघ मारायला पट्टी? पोरांच्या वह्या आहेत का त्या?" रेघ सरळच पाहिजे, माझा स्वभाव.

२५ फेब्रु., शनि.
मतदान झालं. मतपत्रिकांचा मेळ बसला. पेट्या सील करून दिल्या. काही तक्रार नाही. एका म्हातारीला दुबार म्हणून परत पाठवावं लागलं. दमलो आहे.

२७ फेब्रु., सोम.
काल चर्चला गेलो नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. परवाचं जे लिहिलंय वर, ते खोडावं वाटलं. खोडत नाही. खरं काय ते खाली लिहितो.

केंद्राध्यक्ष दुसऱ्या तालुक्यातले, कडक. सकाळीच मला झापलं. "मास्तर, पट्टी ठेवा खाली. ही भूमितीची वही नाही, बाहेर शंभर माणूस उभं आहे." उमेदवारांचे एजंट हसले. मी घाईने हात चालवायला लागलो. पण पट्टी काही सोडली नाही.

नऊच्या सुमाराला लीला आली, आक्काची सून. मी ओळखीचं हसलो, नाव वाचलं, रेघ मारली, ती मत देऊन गेली.

दीड वाजता आक्का आली. दोन दिवस एका अडलेल्या बाईपाशी होती, तिथनं सरळ इकडे. डोळे लाल, नऊवारी चुरगळलेली. मला बघून तोंडभर हसली. "आले बगा मास्तर, बोलल्यापरमानं."
यादी उघडली. आक्काच्या नावाखाली रेघ. सरळ, पट्टीची. तिच्या खालच्या ओळीत लीलाचं नाव. कोरं.
एकाच घरातल्या सासू-सुना, एकाखाली एक. घाईत पट्टी एक ओळ वर सरकली होती. मला त्या क्षणी कळलं. शपथेवर लिहितो, त्याच क्षणी.

एजंट ओरडला, "हिचं मत झालंय!" साहेब उठून आले. "मास्तर, ही बाई सकाळी येऊन गेली का?"
मी म्हणालो, "यादीत रेघ आहे, साहेब."
एवढंच म्हणालो. खोटं एक अक्षर नाही त्यात. दोन दिवस हेच स्वतःला ऐकवतोय.

साहेब म्हणाले, बोट दाखव. बोटाला शाई नव्हती. कुठून असणार? "पुसून आलीस होय? या वयात?" रांगेतली माणसं हसली. आक्का कुणाकडे बघेना, माझ्याकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "मास्तर म्हनत्यात मंजी आले असंन सकाळी. दोन रातीची झोप न्हाई. हात राखंनं घासलं, तवा गेली असंल शाई." आणि गेली निघून.
माझ्या शब्दासाठी तिने स्वतःला खोटं पाडलं. मी पुढचं नाव वाचलं.

५ मार्च, रवि.
आक्का आली होती. मी मागच्या दाराने सटकणार तोच, "मास्तर, सलाम. चूक पदरात घ्या. तुमाला चारचौघांत खाली बघाय लावलं. यडी झाले वो मी."
सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. बाहेर पडलं ते हे: "वय झालं की होतं असं, आक्का."
त्या दिवशीची तर गप्प बसण्याची चूक होती. आज बोललो, तेही हे!

९ मार्च, गुरु.
लीला भेटली बाजारात. भाजी निवडता निवडता सांगत होती. "आत्यांचं काय खरं न्हाई मास्तर. चुलीम्होरं बसू देत न्हाई मी आता. कंदील बी लावू देत न्हाई. त्याच म्हनत्यात, मला इसर पडतोय, माज्यावर इस्वास ठिऊ नका."
मी विचारलं, बाळंतपणं?
"सोडली की. घरोघर जाऊन सांगितलं त्यांनी, माज्या हातात पोर दिऊ नका, मी मत दिल्यालं इसरते, नाळ बांदल्याली बी इसरंन."
मी मेथीची जुडी घेतली आणि तिथेच विसरून आलो.

१४ मार्च, मंगळ.
तहसीलदारांना अर्ज लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. 'माझ्या हातून अनवधानाने' इथवर आलो की पेन अडतं. यादीत चूक झाली ती अनवधानाने, खरं. पण साहेबांनी विचारलं तेव्हा अवधान चांगलं शाबूत होतं. चौकशी लागली तर जूनमधलं हेडमास्तरपद गेलं. बारा वर्षं वाट बघतोय.

शेवटी सुशीलाला सांगितलं. तिने चपाती लाटायची थांबवली नाही.
"अर्ज करा, जरूर करा. पण आक्काला काय मिळणार त्यातनं? ती कचेरीत नाही बसलेली. पेट्यांना सील लागलं, तुमच्या तोंडाला तर नाही ना लागलं?"
 आमची दोन्ही पोरं आक्काच्याच हातची.

१९ मार्च, झावळ्यांचा रवि.
मुलं झावळ्या घेऊन गात आली. आक्का नाही. तिची जागा दुसऱ्या बाकावर भिंतीकडे, तिथे कुणी बसलं नाही.
पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "ईस्टरला तुम्हीच दोन शब्द बोला. मदत आणि कर्तव्य, मागे फार छान बोललात म्हणे. लोक अजून नाव काढतात."
हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग. लोक त्याला नम्रता म्हणतात.

२१ मार्च, मंगळ.
शाळेत वाडीची दोन मुलं आहेत. त्यांच्याकडनं कळलं. परवा वाडीत एक पोरगी अडली. पायाळू. आक्काला बोलवायला कुणी गेलं नाही, पण ती आपणहून उठून गेली, उंबऱ्यापर्यंत. तिथनं मागे फिरली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून बाईला इस्लामपूरच्या दवाखान्यात आणलं. आई, बाळ दोघंही वाचली. देवाचे उपकार. माझे नव्हेत.
पायाळू पोरं आक्काने किती फिरवली असतील.
दुपारच्या तासाला चौथीने विचारलं, गुरुजी, तुम्ही आज ओरडला का नाही?

२४ मार्च, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)
तीन तासांची उपासना. क्रुसाचं वर्णन ऐकताना माझी नजर फरशीवर. संपल्यावर घरी न जाता सायकल काढली.

आज शिमगाही. वाडीत पोरं गोवऱ्या पळवत होती, घरोघरी पुरणाचा वास. आक्का एकटी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. तेवढंच काम उरलंय तिला. मी शेजारी बसलो, आणि पट्टी, ओळ, लीलाचं कोरं नाव, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं सांगितलं. पाचएक मिनिटं लागली. बारा फेब्रुवारीला पाऊण तास बोललो होतो.

आक्का शेंगा फोडतच राहिली. मग थांबली.
"लीलाच्या नावाखाली रेग न्हवती?"
"नव्हती."
"तुमाला तवाच कळलं?"
"तवाच."
"मंजी माजं डोकं ठिकान्यावर व्हतं."
"होतं, आक्का."
तिने पदराने तोंड पुसलं. रडली का, मला बघायचं धैर्य झालं नाही. म्हटलं, मला माफ करा.
"माफ केलं म्हनायला माजं काय जातंय वो? देवानं सांगितल्यालं हाय, करीन. पन मास्तर, मी घरोघर जाऊन सांगितलंय, सगुणा यडी झाली. आता घरोघर कोन जानार?"
मी पुढ्यातली एक शेंग उचलली.
"मतं मागाया येत्यात न्हवं पुडारी? तसं जावा. एक बी घर सोडू नका."
लीला आतून चहा घेऊन आली. तिने ऐकलं असावं. कप माझ्यासमोर ठेवताना नेहमीसारखं 'घ्या मास्तर' म्हणाली नाही.

२६ मार्च, ईस्टर
उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नाव घेऊन, काही न झाकता. तहसीलदारांचा अर्ज काल टाकला हेही सांगितलं. 
संपल्यावर लोक भोवती जमले. हात हातात घेतले. पाळकसाहेब म्हणाले, "फार धैर्याची साक्ष दिलीत." एकाच्या डोळ्यांत पाणी. खरं लिहितो, मला बरं वाटायला लागलं होतं. पापाची कबुली देऊनसुद्धा मी वाहवा घेऊनच घरी निघालो होतो.
आक्का भिंतीकडच्या जागेवर होती. जाता जाता म्हणाली, "हितं समदी आपलीच. हितं सोपं हाय. वाडीत कवा येताय?"

२७ मार्च, सोम.
सकाळची शाळा सुटल्यावर वाडीला गेलो. मारुतीसमोर होळीची राख अजून तशीच. एकूण बावीस घरं. आक्का म्हणाली, मी येत न्हाई बरुबर, तुमीच बोला. पण आपल्या ओट्यावरून बघत बसली.

पहिल्या घरात पाणी दिलं, ऐकून घेतलं, हं म्हणाले. दुसऱ्यात म्हातारा हसला, "एवड्यासाटनं उनाचं आलासा?" तिसऱ्यात कुणी नव्हतं, तिथे परत यायचं. चौथ्यात, पाचव्यात, तेच पाठ केल्यासारखं बोललो. प्रत्येक घरात जीभ तितकीच जड. वाटलं होतं, सवय होईल.

सहावं घर. सून आठव्या महिन्यात, दाराशी टेकून उभी. तिची सासू तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं, आक्काचं काही चुकलेलं नाही, तिचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे, चूक माझी होती, पोरीला निर्धास्त तिच्या हाती द्या.
बाईने सूप खाली ठेवलं. रागावून नाही, अगदी सरळ म्हणाली,
"तुमी म्हनताय खरं मास्तर. पन तवा बी तुमीच म्हनला व्हता न्हवं?"
 मी उभाच राहिलो. सून एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा समोरच्या ओट्याकडे.
तिचे दिवस पुढच्या महिन्यात भरतात. सोळा घरं राहिली आहेत, आणि ते तिसरं. उद्या शाळा सुटली की सातव्यापासून.